आगीच्या बंबाचा कारभार आणि वॉर्डवार निवडणूक

कडब्याच्या गंजीस लागलेली आग विझविण्यास थोडा उशीर झाला, तर मागाहून बंब आला काय आणि न आला काय, सारखेंच. हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. उन्हाळ्यांत बांधावरचें वाळलेलें गवत पेटून शेजारच्या उसाच्या फडास लागलें, वाऱ्यानें ठिणगी खळ्यावर नेली, विजेची तार तुटून गोठ्यावर पडली, असे प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिले असतील. अशा वेळीं बंब निघतो. पण तो किती मैलांवरून निघतो आणि मुळांत तो तेथेंच कां ठेविला, हे प्रश्न आग विझल्यावर आपण विसरून जातो. बंब कोठें ठेवावयाचा हें कोणी तरी ठरविलेलें असतें. तें कोणीं ठरविलें, आणि त्या ठरविणारास आपलें मत लागतें कीं नाहीं, हा या लेखाचा विषय आहे.

उदाहरण आम्ही अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाचें घेतलें आहे, कारण तेथें आग विझविण्यासाठीं गांवकऱ्यांचीं स्वतंत्र मंडळें आहेत आणि त्यांचे सभासद सर्वांनीं मिळून निवडावे कीं वॉर्डवार निवडावे, हा वाद गेल्या कित्येक वर्षांत तेथील लहान लहान संस्थांच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. दूरच्या मुलखाचें वर्णन केवळ कौतुकासाठीं करण्याचा आमचा हेतु नाहीं. निवडणुकीच्या रीतींतील एका लहानशा फरकानें कारभाराची किल्ली कोणाच्या हातीं जाते, हें त्यावरून फार स्पष्ट दिसतें.

अग्निक्षेत्र म्हणजे काय?

त्या देशांत शहरांतील आग विझविणें हें बहुधा नगरपालिकेचें काम असतें. पण शहराच्या हद्दीबाहेर, जेथें मळे, बागा, कुरणें आणि विखुरलेल्या वस्त्या आहेत, तेथें लोकांना एकत्र येऊन एक स्वतंत्र सार्वजनिक संस्था उभी करतां येते. तिला तिकडे 'फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट' म्हणतात. येथें डिस्ट्रिक्ट या शब्दानें आपल्याकडील जिल्हा समजूं नये. कांहीं गांवांचा व शेतांचा एक पट्टा, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्यास 'अग्निक्षेत्र' म्हणूं. कॅलिफोर्नियांत या संस्थांचा कारभार १९८७ च्या कायद्यानें चालतो. संचालक तीन, पांच, सात, नऊ किंवा अकरा असूं शकतात. कांहीं क्षेत्रांत लोक त्यांस निवडून देतात. कांहींत काउंटीचें, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या मोठ्या विभागाचें, मंडळ त्यांची नेमणूक करतें.

संचालकांच्या हातीं काय असतें तें पाहा. नवा बंबखाना कोठें बांधावयाचा, जुना कोणता बंद करावयाचा, पगारी माणसें किती ठेवावयाचीं आणि गांवकरी स्वयंसेवकांवर किती विसंबावयाचें, हें तेच ठरवितात. पैसे एकाच गाडीपुरते असले तर उंच शिडीची गाडी घ्यावयाची कीं पाण्याचें मोठें टाकें वाहून नेणारी? पेठेंतील मजल्यांच्या इमारतींस शिडी हवी. जेथें नळ नाहीं त्या मळ्यांतील घरास पाण्याचें टाकें हवें. दोघांची गरज खरी आहे, आणि मंडळाच्या बैठकींत ज्याचा माणूस बसला असेल त्याची गरज आधीं ऐकिली जाते.

पैसा मुख्यत्वें घर-जमिनीवरील करांतून येतो. १९७८ सालीं तेथील मतदारांनीं 'प्रोपोझिशन १३' नांवाची घटनादुरुस्ती मंजूर केली. तेव्हांपासून हा मूळ कर आकारणीच्या किंमतीच्या शेंकडा एकापलीकडे जाऊं शकत नाहीं, आणि ती आकारणीही मालकी बदलेपर्यंत किंवा नवें बांधकाम होईपर्यंत वर्षास शेंकडा दोहोंपेक्षां अधिक वाढत नाहीं. अग्निक्षेत्रास त्या करांतील वांटा मिळतो. अधिक पैसा हवा तर मंडळास खास कराचा प्रस्ताव मतदारांपुढें ठेवावा लागतो व त्यास दोनतृतीयांश मतें पडावीं लागतात. पैसा असा मोजका असल्यामुळें तो कोणत्या कोपऱ्यांत खर्चावा, हाच खरा वाद होऊन बसतो.

वादाचें मोल केवळ मानापमानाचें नाहीं. आगीच्या विम्यासाठीं तिकडे गांवोगांवच्या बंबव्यवस्थेचे एक ते दहा असे वर्ग पाडलेले असतात. बंबखान्यापासून रस्त्यानें पांच मैलांपलीकडे असलेलें घर सामान्यतः शेवटच्या, म्हणजे दहाव्या वर्गांत पडतें. तेव्हां बंबखाना एक मैल इकडे कीं तिकडे, यावर कित्येकांच्या विम्याचा हप्ता अवलंबून राहतो. आणि प्राणांची गोष्ट तर त्याहून मोठी. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं ब्यूट काउंटींत विजेच्या वाहिनीपासून लागलेल्या आगीनें पॅराडाइज नांवाचें गांव जवळजवळ सबंध जाळलें. ८५ माणसें दगावलीं आणि १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. एवढ्या प्रचंड आगीपुढें कोणत्याहि एका बंबखान्याचें बळ अपुरें पडतें हें खरें. पण ज्या मुलखांत अशी आग संभवते, तेथें लोक बंबाच्या कारभाराकडे किती बारकाईनें पाहत असतील, याची कल्पना यावरून येईल.

निवडणुकीच्या तीन रीती

पहिली रीत अशी कीं सर्व क्षेत्राची एकच मतपेटी. पांच जागा असतील तर प्रत्येक मतदारास पांच मतें, आणि उमेदवार क्षेत्रांत कोठेंहि राहणारा असला तरी चालतो.

दुसऱ्या रीतींत क्षेत्राचे वॉर्ड पाडतात. उमेदवार ज्या वॉर्डाच्या जागेसाठीं उभा राहतो, त्याच वॉर्डांत राहणारा असावा लागतो. परंतु मतें मात्र सर्व क्षेत्राचीं घेतात.

तिसऱ्या रीतींत उमेदवारहि त्या वॉर्डाचा आणि मतदारहि त्याच वॉर्डाचे. खरी वॉर्डवार निवडणूक ती हीच.

दुसरी आणि तिसरी रीत वरवर पाहतां जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण त्यांच्यांत महदंतर आहे, आणि पुष्कळांची फसगत नेमकी येथेंच होते. एक हिशेब मांडून पाहूं. समजा, एका अग्निक्षेत्रांत १०,००० मतदार आहेत. ६,००० पेठेच्या गांवांत आणि ४,००० आसपासच्या मळ्यांत. जागा पांच. प्रत्यक्षांत सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहींत, पण समजुतीसाठीं तसें धरूं.

पहिल्या रीतीनें पेठेनें एकविचारानें मतें दिलीं तर पांचहि संचालक पेठेचे. मळ्यांतील लोक दर निवडणुकींत मत देतील आणि दर निवडणुकींत हरतील. मतदार शेंकडा चाळीस, जागा शून्य.

आतां दुसरी रीत. दोन-दोन हजारांचे पांच वॉर्ड पाडले. तीन पेठेंत, दोन मळ्यांत. मळ्यांच्या वॉर्डांतून मळ्यांतलाच माणूस येणार हें खरें, पण कोणता? एका वॉर्डाच्या दोन हजारांपैकीं अठराशेंनीं एकास मत दिलें, तरी पेठेच्या सहा हजारांनीं त्याच्या प्रतिस्पर्ध्यास उचलून धरलें तर प्रतिस्पर्धीच निवडून येतो. त्याचें घर मळ्यांत. पण त्याची खुर्ची पेठेच्या हातीं. पुढील खेपेस निवडून यावयाचें असेल तर त्यानें कोणाचें मन राखावें, हें सांगावयास नको.

तिसऱ्या रीतीनें मात्र दोन संचालक मळ्यांच्या लोकांनींच निवडलेले असतात. पांचांत दोन म्हणजे बहुमत नव्हे. तरीहि बैठकींत प्रश्न विचारणारे, हिशेब मागणारे, टिपणांत विरोध नोंदविणारे दोघे जण असणें आणि कोणीच नसणें यांत फार फरक आहे.

कॅलिफोर्नियाच्या मतदान कायद्यानें हा भेद नीट ओळखला आहे. तो दुसऱ्या रीतीस पहिल्या रीतीच्याच वर्गांत घालतो. केवळ राहण्याच्या अटीनें ती वॉर्डवार होत नाहीं. उत्तरेकडील वॉशिंग्टन संस्थानांत एक मिश्र रीतहि आहे. तेथें अग्निक्षेत्राचे वॉर्ड पाडले असल्यास प्राथमिक फेरींत त्या वॉर्डाचेच लोक मत देतात, आणि शेवटच्या निवडणुकींत मात्र सर्व क्षेत्र मत देतें.

एक सावधगिरीची सूचना येथेंच देतों. वरील चार हजार लोक मळ्यांत एकवटलेले न राहतां सर्वत्र सारखे पसरलेले असते, तर प्रत्येक वॉर्डांत १,२०० विरुद्ध ८०० असा हिशेब झाला असता आणि वॉर्ड पाडूनहि जागा शून्यच मिळाल्या असत्या. वॉर्ड एके ठिकाणीं नांदणाऱ्या लोकांस आवाज देतो. विखुरलेल्या लोकांस देत नाहीं.

कायद्यानें काय केलें?

कॅलिफोर्नियाच्या शेतीभागांत द्राक्षें, बदाम, भाजीपाला यांच्या बागांतून राबणारे पुष्कळ लोक मूळच्या मेक्सिकन घराण्यांतले आहेत. संख्या मोठी असूनहि कित्येक गांवांच्या स्थानिक मंडळांवर त्यांचा माणूस क्वचितच दिसे. अशा तक्रारींच्या पार्श्वभूमीवर तेथें 'मतदान-हक्क कायदा, २००१' झाला. २००३ च्या आरंभापासून तो अमलांत आहे आणि शहरें, शाळामंडळें यांच्याप्रमाणेंच अग्निक्षेत्रांसहि लागू आहे. त्याचें सूत्र असें कीं, मतें वंश, वर्ण किंवा भाषिक समाज यांच्या अनुरोधानें फुटत असतील आणि एकाच मतपेटीमुळें एखाद्या समाजाची आपल्या पसंतीचा माणूस निवडण्याची शक्ति क्षीण होत असेल, तर ती रीत चालू ठेवतां येत नाहीं. मंडळाच्या मनांत कपट होतें, हें सिद्ध करावें लागत नाहीं. २०२३ सालीं सँटा मोनिका शहराच्या खटल्यांत त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें आणखी खुलासा केला: कल्पित वॉर्डांत त्या समाजाचें बहुमत होईल असें दाखविणें आवश्यक नाहीं, मात्र दुसऱ्या एखाद्या कायदेशीर रीतीनें त्यास आपला उमेदवार निवडून आणणें शक्य झालें असतें, हें दाखविलें पाहिजे.

लहान संस्थेस कोर्टाचा खर्च झेपत नाहीं, म्हणून पुढें मुदती घालून देण्यांत आल्या. २०१७ पासून अशी वाट आहे कीं तक्रारदारानें आधीं रजिस्टर टपालानें नोटीस द्यावी. मंडळानें ४५ दिवसांत वॉर्ड पाडण्याचा ठराव केला तर पुढें आणखी ९० दिवस दावा लावतां येत नाहीं. नकाशा काढण्यापूर्वीं निदान दोन आणि नकाशा प्रसिद्ध झाल्यावर निदान दोन अशा जाहीर सभा घ्याव्या लागतात. तक्रारदाराच्या खर्चाची भरपाईहि मूळ ३०,००० डॉलरांच्या मर्यादेंत बांधून दिली असून ती महागाईप्रमाणें वाढते. शिवाय अशा खास कामाच्या संस्थांस मतदारांचा कौल न घेतां केवळ आपल्या ठरावानें वॉर्डवार निवडणूक स्वीकारण्याची मोकळीक २०१६ च्या कायद्यानें मिळाली.

रेषा कोठें ओढावी?

ठराव करणें सोपें. खरें काम नकाशाचें. पहिला नियम असा कीं प्रत्येक वॉर्डाची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी. लोकसंख्या म्हणजे मतदार नव्हेत. मुलेंबाळें आणि नागरिकत्व न मिळालेले मजूरहि मोजले जातात. म्हणून सारख्या लोकसंख्येच्या दोन वॉर्डांत मतदार कमीजास्त असूं शकतात. त्यानंतर भूमीची ठेवण, सलगता, आटोपशीरपणा आणि लोकांच्या हितसंबंधांचा एकोपा यांचा विचार करतां येतो. दर दहा वर्षांनीं खानेसुमारी झाली कीं रेषा पुन्हां तपासावी लागते.

येथें जमीनवाल्या वाचकांच्या मनांत प्रश्न उभा राहील: जळण्याचा धोका आमच्या शेंकडों एकरांस, आणि मोजणार फक्त डोकीं? हा प्रश्न अमेरिकेंतहि निघाला. टेक्सास संस्थानांतील मिडलंड काउंटीच्या मंडळावर चार वॉर्डांतून चार सभासद येत. एका वॉर्डांत, म्हणजे मिडलंड शहरांत, सुमारें ६७,९०६ लोक; बाकी तिघांत ८५२, ४१४ आणि ८२८. रस्ते व शेती यांची काळजी खेड्यांनींच वाहावी, असें समर्थन करण्यांत आलें. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं तें मानलें नाहीं. सर्वसाधारण कारभार करणाऱ्या स्थानिक मंडळाच्या वॉर्डांत इतकी तफावत चालणार नाहीं, असा निर्णय दिला.

याच्या उलट १९७३ चा निकाल पाहा. कॅलिफोर्नियांतील टुलारे लेक बेसिन जलसंचय क्षेत्र १,९३,००० एकरांचें. राहणारीं माणसें अवघीं ७७. शेंकडा ८५ जमीन चार कंपन्या कसीत. तेथें मत जमीनमालकांसच, आणि तेंहि जमिनीच्या आकारणीच्या किंमतीप्रमाणें. ही रीत न्यायालयानें उचलून धरली, कारण त्या संस्थेचें काम पाण्यापुरतें मर्यादित होतें आणि तिच्या खर्चाचा बोजा जमिनीवरच पडत असे. अग्निक्षेत्राची गोष्ट वेगळी. त्याच्या माणसांस आगीइतकेंच, किंबहुना अधिक वेळां, आजारी व अपघातांत सांपडलेल्यांकडे धांवावें लागतें. मजुराच्या झोपडीलाहि बंब लागतो. म्हणून तेथें संचालक निवडतांना एकरांस मत नाहीं. मात्र जमिनीस होणाऱ्या विशेष लाभाबद्दल तिच्यावर आकार बसवावयाचा असेल, तर १९९६ च्या 'प्रोपोझिशन २१८' प्रमाणें मालकांकडे मतपत्रिका पाठवितात आणि ज्यावर जितका आकार तितकें त्याच्या मताचें वजन धरतात. कारभारी निवडावयास डोकीं आणि जमिनीवर आकार बसवावयास जमीन, अशी ही वांटणी आम्हांस समंजस वाटते.

आक्षेप आणि त्यांचें वजन

वॉर्डवार निवडणुकीवरचे आक्षेप पोकळ नाहींत. आग वॉर्डाची रेषा पाहून थांबत नाहीं. मग संचालकानें आपल्याच वॉर्डाचें कां पाहावें? प्रत्येकानें आपल्या दारांत बंबखाना मागितला तर पांच अर्धवट बंबखाने होतील आणि एकहि धड चालणार नाहीं. दुसरें असें कीं, आधीं मतदाराचा पांच संचालकांवर हक्क होता, आतां एकावरच राहिला. तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. लहान वॉर्डांत उभें राहावयास माणूसच मिळत नाहीं. कॅलिफोर्नियांत अशा संस्थेच्या जागेसाठीं एकच अर्ज आला तर सामान्यतः मतदान न होतां काउंटीचें मंडळ त्यासच नेमतें. अर्जच आला नाहीं तर पात्र मनुष्य शोधून नेमतें. मग वॉर्ड पाडून लोकांच्या हातीं काय आलें?

आमच्या मतें पहिल्या दोन आक्षेपांस उत्तर आहे. संचालक वॉर्डाचा असला तरी बंबखाना वॉर्डाचा नव्हे, हें मंडळानें नियमानें बांधून घ्यावें. प्रत्येक भागांत हांक आल्यापासून किती मिनिटांत गाडी पोंचली, याचा तक्ता दरवर्षीं छापावा, आणि नवी गाडी किंवा नवा बंबखाना त्या तक्त्यावरून ठरवावा. वॉर्डाचा संचालक तक्ता मागण्यासाठीं. निर्णय सर्वांच्या सोयीसाठीं. तिसऱ्या आक्षेपास मात्र कायद्याचें उत्तर नाहीं. त्यास लोकांनींच उत्तर द्यावयाचें आहे. जेथें उभा राहणारा मनुष्य नाहीं, तेथें कोणतीच निवडणूक कामाची नाहीं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे आगीसाठीं अशीं निवडलेलीं मंडळें नाहींत; पण वॉर्डाची कल्पना आपणांस परकी नाहीं. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीचे वॉर्ड असतात आणि मतदार आपल्या वॉर्डाच्या जागांसाठींच मत देतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनेंहि लोकसंख्या आणि जागा यांचें प्रमाण शक्यतों सर्वत्र सारखें राखण्यास सांगितलें आहे. याहून जवळचें उदाहरण कालव्याच्या पाण्याचें. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याप्रमाणें पाणी वापर संस्थेच्या समितींत चारीच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागास सारख्या जागा दिल्या आहेत. कां? शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोंचत नाहीं, हें दुःख वरच्या भागांतील माणसास कितीहि सांगितलें तरी त्याच्या अंगास लागत नाहीं. चारीच्या शेपटाकडील शेतकरी आणि बंबखान्यापासून दूर राहणारा मळेवाला, दोघांची व्यथा एकच.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, पाणी वापर संस्था, सहकारी कारखाना, सोसायटी, जेथें जेथें 'गट' किंवा 'भाग' पाडून प्रतिनिधि निवडतात असें सांगितलें जाईल, तेथें संस्थेचे उपविधी काढून तीन प्रश्न विचारावे. आमच्या गटाचा उमेदवार आमच्या गटांत राहणारा असावा लागतो कीं नाहीं? त्यास मत फक्त आमचा गट देतो कीं सगळे सभासद देतात? आणि गटाची रेषा कोणीं, कोणत्या हिशेबानें व किती वर्षांपूर्वीं ओढली? यांपैकीं दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्रतिनिधीचें घर आपल्या शेजारीं आहे, एवढ्यावर समाधान मानूं नये; त्याची खुर्ची कोणाच्या मतावर टेकली आहे, हें पाहावें. बंब असो वा पाणी, तें आपल्या बांधापर्यंत वेळेवर पोंचेल कीं नाहीं, याचें बरेंचसें उत्तर त्या एका प्रश्नांत असतें. आणि तो प्रश्न आग लागण्यापूर्वींच विचारलेला बरा.